हिरवा ठिपका

पेडणेकरबाईंनी आयुष्यात एखादी गोष्ट पहिल्या नजरेत पसंत केली असेल, असं मला वाटत नाही. कॅन्टीनचा चहा आला की त्या आधी कपाच्या कडेवरून बोट फिरवायच्या, मग वास घ्यायच्या, मग बशीत थोडा ओतून रंग बघायच्या. तोवर आमचे कप रिकामे झालेले असायचे. कुणाचा मुलगा पास झाला आणि पेढे आले, तर बाई पेढा मोडून आत बघायच्या. "पेढ्यात काय निघणार हो?" असं मी एकदा विचारलं. "ते निघेपर्यंत कुणालाच माहीत नसतं," त्या म्हणाल्या आणि मोडलेला अर्धा पेढा माझ्या हातावर ठेवला. जिन्याचा कठडा हलवून बघितल्याशिवाय त्यांनी त्यावर हात टेकलेला मी कधी पाहिला नाही. बरं, जिना कारखान्याचाच, आणि तो त्या सत्तावीस वर्षं चढत-उतरत होत्या.

आमचा कारखाना मुलुंडला होता. पितळी नळ बनायचे तिथे. बाई फायनल इन्स्पेक्शनला. तयार झालेला प्रत्येक नळ त्यांच्या टेबलावर यायचा. त्या तो पाण्याच्या दाबाला लावायच्या, फिरवायच्या, कानाशी धरून ऐकायच्या. पसंत पडला तर त्याच्या पोटाखाली बुरशाने हिरवा ठिपका, नापसंत पडला तर लाल. रंगाचे दोन छोटे डबे टेबलावर कायम उघडे. हिरवा ठिपका लागला की त्या नळाबद्दल पुढे कुणी ब्र काढायचं नाही, अशी रीतच पडली होती. नवा माणूस कामाला लागला की त्याला यंत्रं नंतर दाखवायचे, आधी बाई दाखवायचे.

मी कामगार कल्याण विभागात कारकून होते. ऐंशीच्या दशकाची ती मधली वर्षं. माझं टेबल माळ्यावरच्या काचेच्या केबिनमध्ये होतं आणि तिथून खाली बाईंचं टेबल सरळ दिसायचं. हे सरळ दिसणं पुढे माझ्या चांगलंच अंगाशी आलं.

दर वर्षी नाताळच्या सुट्टीत, डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी, कामगारांच्या कुटुंबांचा मेळावा असायचा. मोठ्या मुलांना वह्या आणि कंपासपेटी, त्यात काही डोकं लावावं लागत नसे. तीन वर्षांखालच्या पोरांना मात्र खेळणं द्यायची पद्धत होती. मी लागण्याआधी एका वर्षी वाटलेले खुळखुळे मंडपातच फुटले आणि आतले मणी सगळीकडे पसरले. कुणाला काही झालं नाही. पण बाईंनी सतरंजीवर गुडघे टेकून एकूण एक मणी वेचला आणि सोमवारी ती मूठ मालकांच्या टेबलावर नेऊन उघडली. तेव्हापासून लहान मुलांचं खेळणं बाईंनी पास केल्याशिवाय वाटायचं नाही, असा हुकूमच निघाला. खेळणी निवडायच्या कमिटीत आमचे वेल्फेअर ऑफिसर दळवीसाहेब, पेडणेकरबाई, आणि लिहून घ्यायला मी.

दळवीसाहेबांना हे मुळीच आवडलेलं नव्हतं. त्यांच्या मते खेळणं म्हणजे रंगीत कागदात बांधून द्यायची वस्तू. बाईंच्या मते खेळणं म्हणजे आधी तोंडात जाणारी वस्तू.

"दीड वर्षाचं पोर वस्तू बघतं कशाने? डोळ्याने नाही, जिभेने," त्या म्हणायच्या. "म्हणून मी पण जिभेने बघते."

आणि खरंच बघायच्या. छेडाभाई नावाचे एक व्यापारी सुटकेस भरून नमुने घेऊन आले होते, ती मीटिंग मी विसरणं शक्य नाही. त्यांनी एक लालभडक लाकडी खुळखुळा बाईंपुढे धरला. "बेन, एकदम फर्स्ट क्लास माल." बाईंनी तो हातात घेतला, पदराने पुसला आणि सरळ तोंडात घातला. समोर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत त्या खुळखुळा चोखत बसल्या. एक मिनिट झालं, दोन झाली. दळवीसाहेब खिडकीबाहेर बघायला लागले. मला हसू आवरेना म्हणून मी वहीत काहीतरी गिरगटत होते. पाच मिनिटं भरल्यावर बाईंनी खुळखुळा बाहेर काढला आणि छेडाभाईंना जीभ दाखवली. लाल झाली होती.

"बेन, पान खाल्ला असेल तुमी," छेडाभाई म्हणाले.

"मी पान खात नाही. हा घ्या दुसरा, तुम्ही चोखा. मग आपण दोघं जिभा दाखवू दळवीसाहेबांना."

छेडाभाईंनी सुटकेस बंद केली.

बाहुल्यांवर बाईंचा विशेष राग. डोळे उघडमीट करणारी बाहुली आली की त्या म्हणायच्या, "डोळा मिटतो म्हणजे आत तार आहे." आवाज करणाऱ्या खेळण्यात काहीतरी सुटं असणार, किल्लीच्या खेळण्यात धारदार पत्रा असणार, आणि मऊ खेळण्यात काय असेल ते उसवल्याशिवाय सांगता येणार नाही. एक गोंडस कापडी अस्वल त्यांनी माझ्यासमोर शिवण कापून उसवलं. आत कापसाऐवजी शिंप्याकडच्या चिंध्या निघाल्या, आणि एका चिंधीला शर्टाचं बटण तसंच होतं. बाई बटणाकडे बघून हसल्या. मला वाटतं, त्यांना मनातून आनंदच झाला होता. संशय खरा ठरला की माणसाला थोडा आनंद होतोच, माझ्याही बाबतीत तो अनुभव पुढे आला.

बाईंच्या पिशवीत एक पितळी कडं असायचं. कारखान्यातल्या टूलरूममधून त्यांनी ते स्वतःसाठी कातून घेतलं होतं. खेळण्याचा कुठलाही सुटा होऊ शकणारा भाग त्या कड्यातून पलीकडे पडला, की खेळणं बाद. नळांच्या मापासाठी असतात तसला तो गेज होता, फक्त घशाचा.

"पण घशाचं माप तुम्ही घेतलंत कुठून?" मी विचारलं.

"घसा कोण मोजू देईल? मी उलट्या बाजूने गेले. डॉक्टरांना विचारलं, नर्सना विचारलं, आयांना विचारलं, की बाबा आजवर कुणाकुणाच्या घशात काय काय अडकलं. चिंचोका, शेंगदाणा, पेनाचं टोपण, नाणं. सगळ्यांत मोठं जे होतं ते घेतलं आणि त्याच्यावर आणखी मोकळीक सोडली."

"मोकळीक कशाला?"

"शंकेला जागा नको?"

अशा बाईबद्दल ऑफिसात गोष्ट तयार झाली नसती तरच नवल. बाईंचं लग्न झालेलं नव्हतं, तेव्हा ती गोष्ट भाच्यावर गेली. भाच्याच्या घशात म्हणे खेळण्याचा मणी अडकला आणि तो बाईंच्या मांडीवरच गेला. ही गोष्ट मला तिघांनी तीन तऱ्हेने सांगितली, आणि प्रत्येकाने सांगताना आवाज खाली आणला. मी नवी होते, मला भडभडून आलं. एकदा दोघी डबा खात असताना मी धीर करून म्हटलं, "बाई, तुमच्या भाच्याचं कळलं मला."

बाईंनी पोळीचा घास खाली ठेवला. "कुठला भाचा? मला भाचा नाही. तीन भाच्या आहेत, तिघी धडधाकट. एक तर नको तितकी." मग माझा चेहरा बघून त्या हसायला लागल्या. "काय गो, शंका घ्यायला घरात कुणी मरावं लागतं?"

मला त्या दिवशी इतकी लाज वाटली की मी अर्धा डबा तसाच बंद केला.

तर असं सगळं चाललेलं असताना, त्या वर्षीच्या नोव्हेंबरात दळवीसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"मिसेस कर्णिक, खेळण्यांचे नमुने जातात कुठे?"

"कपाटात," मी म्हटलं.

"प्रत्येक नमुना दोन-दोन येतो. एक कपाटात राहतो. दुसरा पेडणेकरबाईंच्या पिशवीतून घरी जातो आणि परत येत नाही. इतकी वर्षं. मी बोललो नाही. पण येत्या जूनमध्ये त्या रिटायर होतायत. जायच्या आधी गोष्टी स्पष्ट झालेल्या बऱ्या, नाही का? तुमचं टेबल तर बरोबर समोर आहे. जरा लक्ष ठेवा."

मी "हो" म्हटलं. का म्हटलं, याचं मला आजही नीट उत्तर देता येत नाही. साहेब होते म्हणून, हे एक झालं. पण माझ्या मनातही ते येऊन गेलेलं होतं, हे खरं आहे. दुसऱ्यांवर एवढा संशय घेणारी बाई स्वतः कशी असेल, असा एक किडा मला आधीपासून चावत होता. मेळाव्याच्या मांडवात मी त्यांना एकाही मुलाचा गालगुच्चा घेताना पाहिलं नव्हतं. मग खेळणी न्यायची कशाला आणि द्यायची कुणाला?

आठ दिवस मी काचेतून खाली बघत राहिले. बाई पाच वाजता पिशवी उघडायच्या, एखादं खेळणं तीत घालायच्या, वर टॉवेल टाकायच्या. टॉवेल का टाकतात, हा प्रश्नही मी वहीत लिहिला. नवव्या दिवशी त्या जिना चढून वर आल्या, कठडा हलवून, आणि माझ्या टेबलापाशी उभ्या राहिल्या.

"दळवीने सांगितलं ना तुला, माझ्यावर लक्ष ठेवायला?"

मी पटकन वही मिटली.

"अगं, नळ टेबलावर ठेवला की गळतो कुठून ते मला कळतं, तुझं कळणार नाही? चल. काचेतून काय दिसणार? घरी चल."

घाटकोपरला त्यांची चाळ होती, दुसऱ्या मजल्यावर खोली. आम्ही बसने गेलो. बाईंनी पाय धुतले, चहा टाकला आणि बाहेर सामाईक गॅलरीत एक चटई पसरली. पिशवीतून टॉवेल काढून चटईवर घातला, त्यावर खेळणं ठेवलं. तो टॉवेल त्यासाठी होता. दोन मिनिटांत शेजारपाजारची तीन-चार पोरं रांगत-लुडबुडत येऊन पोचली. बाई स्टूल घेऊन त्यांच्या अगदी जवळ बसल्या, दोन्ही हात मोकळे ठेवून. कुणी खेळणं तोंडात घातलं, कुणी आपटलं, एकाने त्यावर बसून बघितलं. बाई कुणाला अडवत नव्हत्या. फक्त बघत होत्या. बरोबर अर्ध्या तासाने त्यांनी खेळणं उचललं. एकाच वेळी सगळ्या पोरांनी भोकाड पसरलं.

"देते आणि काढून घेते, असली म्हातारी!" समोरच्या दारातली एक आई मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. बाईंनाही ते ऐकू गेलंच.

"राहू द्या ना एखादं त्यांच्याकडे," मी न राहवून म्हटलं.

"सॅम्पल आहे. सॅम्पल वाटत नाहीत."

मग त्यांनी कॉटखालून पत्र्याची ट्रंक ओढली. सगळे नमुने आत होते. मोडलेले, सोललेले, दातांच्या खुणा असलेले, आणि प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी: 'चाक निघालं, तिसरा दिवस.' 'रंग सुटला, पहिला दिवस.' 'शेपूट चावून तोडली, पाचवा दिवस, बाद.' इतक्या वर्षांची सगळी खेळणी, एकही कमी नव्हतं.

"म्हणजे तुम्ही यांच्यावर प्रयोग करता?" मी विचारलं. मला ते पटलेलं नव्हतं, आणि मी ते लपवलंही नाही.

"गेजमधून पलीकडे पडतं ते मी घराबाहेर काढत नाही. रंग आधी मी चाटते, मग उकळत्या पाण्यात ठेवते, मग पुन्हा चाटते. पोरांकडे येतं ते फक्त मोडतं का बघायला. आणि मोडलं तर माझा हात तिथेच असतो." मग त्या म्हणाल्या, "पण विचारलंस ते बरं केलंस. विचारायलाच हवं होतं."

दुसऱ्या दिवशी मी दळवीसाहेबांना सांगितलं, की नमुने सगळे जागच्या जागी आहेत. ट्रंकेचं वर्णन ऐकून त्यांनी मान हलवली. "ट्रंक तुम्हाला दाखवली, हं. एवढ्या तयारीने?" साहेबांचं समाधान झालं नव्हतं, हे मला तेव्हाच समजायला हवं होतं.

त्या वर्षी बाईंना एक खेळणं मनापासून आवडलं. चाकांचा लाकडी हत्ती. रंग नाही, वार्निश नाही, नुसता तेल चोळून गुळगुळीत केलेला. चाकं इतकी मोठी की कड्यावर ठेवली तरी तशीच बसून राहायची. बाईंनी तो चाटला, उकळला, दुसऱ्या मजल्यावरून खाली अंगणात टाकला. गॅलरीतल्या पोरांनी तो बारा दिवस आपटला. चिठ्ठीवर बाईंनी पहिल्यांदाच कसलीही तक्रार न जोडता नुसतं 'मोडला नाही' असं लिहिलं. त्या दिवशी चहा त्यांनी वास न घेता प्यायल्याचं मला आठवतं.

माल आला, एकशे बत्तीस हत्ती. बाईंनी तीन दिवस खपून एकेक तपासला. आणि मग त्यांच्या मनात आलं, की आदल्या वर्षी पास केलेल्या खेळण्यांतली दहा-बारा वाटपाच्या दिवशी भलतीच निघाली होती. कुणी बदलली ते कळलं नव्हतं. बाईंचा छेडाभाईंवर संशय होता, त्याहून जास्त दळवीसाहेबांवर.

"या वेळी बदलायला वावच ठेवत नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी हिरव्या रंगाचा डबा जवळ ओढला, बुरूश बुडवला आणि पहिल्या हत्तीच्या पोटाखाली ठिपका लावला.

दळवीसाहेब तिथेच उभे होते. "बाई, खेळण्याला कशाला ठिपका?"

"माझा तुमच्यावर विश्वास नाही, म्हणून."

मी एकेक हत्ती उलटा धरून बाईंपुढे करत होते. एकशे बत्तीस वेळा. ठिपका नळाच्या पोटाखाली लागतो तसाच लागत होता, आणि आमच्यापैकी कुणालाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

मेळावा झाला. माझी मुग्धा तेव्हा दीड वर्षाची होती, तिलाही हत्ती मिळाला. रविवारी संध्याकाळी मी भाजी निवडत बसले होते. मुग्धा जमिनीवर पाठ टेकून पडली होती, हत्ती दोन्ही हातांनी छातीवर उलटा धरून. लहान मूल खेळणं उलटं करून त्याचं पोट बघतंच, हे चार दिवस पोरांबरोबर घालवलेल्या कुणालाही माहीत असतं. ती माझ्याकडे बघून हसली. तिची जीभ हिरवी होती.

तो हिरवा मी कुठेही ओळखला असता.

मी तिला उचलून डॉक्टरांकडे पळाले. डॉक्टरांनी तोंड पुसलं, तपासलं, आणि एवढ्याशाने घाबरायचं कारण नाही, पण ही वस्तू पुन्हा तिच्या हाती देऊ नका, असं सांगितलं. घरी येताना मी मुग्धाला कडेवरून खाली उतरवलं नाही. आणि लिहायला लाज वाटते, पण त्या भीतीच्या खाली कुठेतरी मला तोच आनंद झाला होता, जो चिंधीवरचं बटण सापडल्यावर बाईंना झाला होता. सापडल्या, असं मनात आलं. जगाला नापास करणाऱ्या बाई सापडल्या.

रात्री सासूबाई म्हणाल्या, "साहेबांना सांग. त्यांनी तुला लक्ष ठेवायलाच सांगितलं होतं ना?"

सोमवारी सकाळी मी कारखान्याच्या फाटकातून आत शिरेपर्यंत माझं काही ठरलेलं नव्हतं. दळवीसाहेबांना सांगितलं तर त्यांना हवं होतं ते आयतं मिळणार होतं. सहा महिन्यांत रिटायर होणारी बाई डाग घेऊन घरी जाणार होती. माळ्याच्या जिन्यापर्यंत जाऊन मी वळले, आणि हत्ती बाईंच्या टेबलावर ठेवला.

"काय झालं?"

मी सांगितलं. बाईंनी आधी हत्तीला हात लावला नाही. किती वेळ तोंडात होता, उलटी झाली का, झोपली का रात्री नीट, दूध प्यायली का, हे सगळं एकामागून एक विचारलं. मग हत्ती उलटा करून त्यांनी ठिपक्याला जीभ लावली आणि हात धुवायच्या बेसिनवरच्या आरशापाशी गेल्या. तिथे त्यांनी जीभ बाहेर काढून दोनदा बघितली.

"पितळेवर घट्ट बसतो," परत येऊन त्या म्हणाल्या. "तेल चोळलेल्या लाकडावर बसला नाही. शिसं असतं गं या रंगात. मला माहीत नव्हतं असं नाही. सत्तावीस वर्षं जेवायच्या आधी दोनदा हात धुते मी."

मी म्हटलं, "बाई, अजून कुणालाच कळलेलं नाही. आपण दोघी मिळून घरोघरी जाऊ, काहीतरी कारण सांगून ठिपके पुसून टाकू. दळवींना कशाला..."

"माका शिकवतंस?" बाईंचा आवाज चढला. रागावल्या की त्या मालवणीत जायच्या. "लोकांच्या मालावर मी लाल कार्ड लावते ते काय गुपचूप लावते?"

त्यांनी खणातून नापसंतीचं लाल कार्ड काढलं. वस्तू: लाकडी हत्ती. नग: एकशे बत्तीस. दोष: तपासणीचा रंग जिभेला लागतो. शेवटच्या रकान्यात 'दोषास जबाबदार' असं छापलेलं असायचं. तिथे त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, खाली तपासनीस म्हणून पुन्हा स्वतःचीच सही केली आणि कार्ड माझ्या हातात दिलं. "नेऊन दे वर."

दळवीसाहेबांनी कार्ड दोनदा वाचलं. मग ते उलटं करून मागे काही आहे का बघितलं. "यात काहीतरी डाव आहे," ते म्हणाले. "नाहीतर कुणी स्वतःहून लिहून देतं का?" इतकी वर्षं त्यांना बाईंविरुद्ध कागद हवा होता, आणि तो हातात आल्यावर त्यांचा त्यावर विश्वास बसेना. पण कागद त्यांनी फाइलला लावलाच. चार दिवसांत बाईंचं टेबल काढून त्यांना स्टोअरमध्ये बसवल्याची ऑर्डर निघाली. बुरूश आणि दोन्ही डबे दुसऱ्या कुणाला दिले.

ऑर्डर घ्यायला बाई आल्याच नाहीत. त्या रजेवर होत्या. पत्त्यांची यादी मीच टाइप करून दिली होती. 'हत्तीच्या पोटाला मुलांचं तोंड लागू देऊ नका' एवढी सूचना त्यांनी सोमवारीच सगळ्या खात्यांत जाऊन तोंडी दिली होती, चूक माझी आहे असं प्रत्येक खात्यात सांगून. मग त्या घरोघरी निघाल्या. भांडुपच्या टेकडीवरच्या खोल्या, विक्रोळीच्या चाळी, घाटकोपरच्या वस्त्या. एका फिटरचं पोर सुट्टीसाठी गोराईला मावशीकडे गेलं होतं, तर एका हत्तीसाठी त्या होडीतून खाडी ओलांडून गेल्या. कॅन्टीनमध्ये रोज नवी हकीकत यायची. "तुमच्या बाई काल येऊन गेल्या. ब्लेडचं पातं काढलं, पोट खरवडलं, पॉलिश पेपर मारला, ओल्या फडक्याने पुसलं आणि मग काय, चाटलाच की हत्ती! आमची आई बघतच राहिली."

लोक हसत होते. काहीजण मुद्दाम मला ऐकवून हसत होते. मला हसू येत नव्हतं.

माझा हत्ती मी पहिल्या दिवसापासून कपाटावर ठेवला होता, म्हणून माझं घर यादीत शेवटी होतं. जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी बाई आल्या. वाळल्या होत्या. चपलेचा अंगठा तुटलेला, त्याला सेफ्टी पिन. मुग्धा त्यांच्या पिशवीला लटकली, आणि मी हत्ती खाली काढल्यावर तर तिने उड्याच मारायला सुरुवात केली. बाई गॅलरीत उजेडाला बसल्या. पात्याने त्यांनी ठिपका खरवडला, पॉलिश पेपर फिरवला, फडक्याने तीनदा पुसलं. हत्तीच्या पोटावर आता नुसता एक पांढुरका खळगा उरला होता. बाईंनी तो चाटला, पिशवीतून छोटा आरसा काढला आणि जीभ बाहेर काढून बघितली.

मग आरसा खाली ठेवला.

"शुभा, इकडे ये. दळवीने लक्ष ठेवायला सांगितलं होतं ना तुला? मग आता ठेव. बघ."

मी वाकून बघितलं. त्यांची जीभ मुळापासून हिरवट झाली होती. शंभरावर घरांचा रंग तिच्यावर चढला होता. त्यात या हत्तीचा होता की नव्हता, कसं सांगणार?

"मला कळत नाही, बाई."

"मलाही कळत नाही. तेच म्हणते. गेज बिघडलाय." त्यांनी हत्ती माझ्यासमोर धरला. "तू बघ."

मी क्षणभर घुटमळले. सासूबाई दारातून बघत होत्या. मी हत्ती घेतला आणि त्याच्या पोटाला जीभ लावली. ओल्या लाकडाची चव होती, बाकी काही नाही. मी जीभ बाहेर काढली. बाईंनी माझी हनुवटी धरून मला उजेडाकडे वळवलं, चष्मा कपाळावर नेला, पुन्हा खाली आणला. एवढ्या जवळून मी त्यांचे डोळे कधी बघितले नव्हते. ते पाण्याने भरले होते, आणि भरल्या डोळ्यांनी त्यांना काही दिसत असेल असं मला वाटत नाही.

"तुला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत त्यांनी हे कुणाला विचारल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"पास," मी म्हटलं.

बाईंनी मान डोलावली. पुन्हा बघितलं नाही. यादीत शेवटच्या नावापुढे खूण केली, माझी सही घेतली आणि हत्ती मुग्धाच्या हातात दिला. तिने तो लगेच उलटा केला आणि पोट तोंडात घातलं. बाईंचा हात अर्धवट पुढे आला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि पदराने तोंड पुसलं.

जूनमध्ये मी कारखाना सोडून दुसरीकडे लागले होते, त्यामुळे त्यांच्या निरोपाला मी नव्हते. नंतर भेट झाली नाही. मला आठवतात त्या त्याच दुपारच्या. पिशवी खांद्याला लावून त्या आमच्या जिन्यापाशी गेल्या, कठडा धरून जोरात हलवला, आणि मग त्यावर हात ठेवून एकेक पायरी खाली उतरल्या.